शालिककाका आणि पिकअपचा डाला

कुठल्याही पिकअपच्या डाल्यात चढण्याआधी शालिककाका चपला काढून ठेवत. पिकअपच्या मागच्या हौद्याला आमच्याकडे डाला म्हणतात. त्यात कधी विटांचा चुरा असे, कधी शेणखताचा थर, कधी उन्हानं तापून चटका देणारा पत्रा. काकांना त्यानं काही फरक पडत नसे. फाळका खाली पाडायचा, चाकावर पाय देऊन वर चढायचं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत जायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस कसलासा नवस फेडतोय. विचारलं तर म्हणाले, "नवस कायचा बाई? पायाले समजते ते नजरेले नाई समजत. रंग नजरेले फसवते."

रंगाबद्दल बोलायचा त्यांना अधिकार होता. जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत रंगकामाच्या विभागात त्यांची सगळी नोकरी झाली होती. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून ते लाखनीजवळच्या आपल्या गावी परत आले. बरोबरीच्या लोकांनी घरांवर मजले चढवले, काकांनी लाखनीत हायवेच्या सर्व्हिस रोडला टिनाचं शेड टाकलं, कॉम्प्रेसर आणला आणि पिकअपच्या डाल्यांना फवाऱ्यानं जाड, खरखरीत, रबरासारखा लेप मारून द्यायला सुरुवात केली. शेडवरची पाटी त्यांनी स्वतःच रंगवली होती. 'डाल्याला लेप मारून मिळेल. घाई असल्यास मिळणार नाही.'

त्या शेडच्या बरोबर समोर माझं दुकान. सीट कव्हर, हॉर्न, मॅट, आरसे आणि डाल्यात बसवायचे काळे प्लास्टिकचे तयार ट्रे. माझे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, दुकान मीच बघते. म्हणजे काका आणि मी सरळसरळ एकमेकांच्या धंद्याच्या मुळावर बसलेलो. नवी पिकअप घेतलेला माणूस आमच्या दोघांच्या मध्ये उभा राही आणि इकडे वळावं की तिकडे, याचा विचार करी. माझ्याकडे अर्ध्या तासात ट्रे आत सरकवून, कडेला स्क्रू मारून गाडी मोकळी. काकांकडे गाडी तीन दिवस अडकायची. आधी जुना रंग घासायचा, तेलाचा डाग न् डाग पुसायचा, मग कडा कागदानं झाकायच्या, मग लेप, मग तो पुरता सुकेपर्यंत हात लावायचा नाही. गिऱ्हाईक बहुधा माझ्याकडे वळे.

मला नवल वाटायचं ते हे की काका स्वतःच लोकांना माझ्याकडे पाठवत. एकदा विटा वाहणारा एक जण त्यांच्याकडे गेला. काका त्याच्या डाल्यातून फिरून आले आणि म्हणाले, "तू विटा फेकतेस का मांडतेस?"

"फेकतो काका. मांडाले टाइम कोनाले हाय?"

"मंग माहा लेप तुह्या कामाचा नाई. लेप फाटनार नाई, पन खालचा पत्रा चेपन. समोर बाईच्या दुकानात जा, ट्रे घे. तो मार खाईन."

मी मात्र कधी कुणाला काकांकडे पाठवलं नाही. येईल त्याला ट्रे दिला. तो काय वाहतो, हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही. हे आता लिहिताना थोडं ओशाळल्यासारखं होतं, पण खरं आहे.

मग एका रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, हंगामात अड्याळचा युवराज आला. त्याचा धंदा मासळीचा. पहाटे तलावांवरून मासळीचे क्रेट उचलायचे, मीठ घातलेला बर्फ टाकायचा आणि भंडाऱ्याच्या बाजारात पोचवायचे. रोवणीच्या दिवसांत मासळी कमी असली की तो त्याच गाडीतून बायांना बांधीवर नेई. बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं शेत. दोन वर्षांपूर्वी त्यानं माझ्याकडूनच ट्रे नेला होता. आता त्याला फाळक्याला लावायची रबरी पट्टी हवी होती. मी पट्टी मापत होते, काका चहा प्यायला आले होते. सवयीनं त्यांनी चपला काढल्या आणि वर चढले. मधोमध थांबले. एक पाय दाबला, उचलला, पुन्हा दाबला.

"बाबू, हा ट्रे काढ."

"काहून? मस्त हाय ना ट्रे."

"ट्रे मस्त हाय. खालचं पाहू दे."

माझ्याच दुकानासमोर, माझ्याच गिऱ्हाइकाच्या देखत, माझाच माल उचकटायला सांगत होते. मला राग आला. "काका, उगाच कशाला? चांगला बसलाय," मी म्हणाले. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. स्वतःच स्क्रू ढिले करायला बसले.

ट्रे वर उचलला तसा असा भपकारा आला की शेजारचा टायरवाला नाकाला रुमाल लावून बाहेर आला. खाली काळं पाणी साठलेलं, त्यात माशांची खवलं, आणि पत्र्याला गंजाचे पापुद्रे. बर्फाचं खारं पाणी दोन वर्षं कडेनं खाली उतरत होतं आणि त्याला सुकायला वाटच नव्हती. काकांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि नुसता दाबला. तो मुठीपर्यंत आरपार गेला. खालचा रस्ता दिसला.

युवराज म्हणाला, "काका, उद्या सकारी अकरा बाया न्यायच्या हायेत. आत्ता वरून लेप मारून द्या."

"गंजावर लेप मारला तं मी रंगारी नाई, चोर होईन. पत्रा कापा लागन, नवा जोडा लागन. सहा दिवस."

"सहा दिवसात रोवना खतम होते! तुमाले काय, तुमची पेन्शन हाय."

"हाय. म्हनून तं खरं बोलाले परवडते मले."

युवराजनं रागारागानं ट्रे परत आत ढकलला, चार स्क्रू कसेबसे पिळले आणि गाडी घेऊन गेला. मी खाली मान घालून काउंटर पुसत राहिले. काका म्हणाले, "बाई, तुह्या ट्रेची काई चूक नाई. तू इचारलं नाई, त्यानं सांगतलं नाई. एवढंच झालं." मग म्हणाले, "पन त्या बायांनी काय केलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते स्कूटर घेऊन माझ्या दारात उभे. "चाल. मी एकटा गेलो तं म्हनतीन, म्हातारा आपल्या धंद्यासाठी बोंबलते. ट्रे इकनारी सांगन तं आयकतीन."

अख्ख्या वाटेत मी मनाशी वाक्यं जुळवत होते. अड्याळला पोचलो तेव्हा बाया डबे आणि पावसात डोक्यावरून घ्यायच्या प्लास्टिकच्या मोऱ्या घेऊन गाडीभोवती जमल्या होत्या. दोघी तर वर चढल्याही होत्या. युवराजनं आम्हाला पाहिलं आणि तोंड फिरवलं. माझी जुळवलेली वाक्यं कुठं गेली कोण जाणे. मी एवढंच म्हणाले, "हा ट्रे मीच विकलाय. खालचा पत्रा सडलाय. काल मी डोळ्यांनी पाहिलं. उतरा."

त्यांच्यातली सगळ्यात वयस्क बाई, सुमनबाई, गाडीच्या मागं वाकली. खालून हात घातला आणि गंजाचा तळहाताएवढा तुकडा तोडून बाहेर काढला. तो तिनं बाकीच्यांना दाखवला, मग युवराजला. तिच्या आवाजात राग नव्हता.

"बाबू, तुले मालूम होतं?"

युवराज म्हणाला, "काल मालूम झालं, काकी."

"मंग आमी पायदल जातो. तू गाडी घेऊन जा यांच्या संगं."

बाया खरोखरच चालत निघाल्या, दोन-अडीच किलोमीटर. युवराज स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. काका त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "चाल, हळू चालव. तुह्यासंगं मी येतो." मी मागून त्यांची स्कूटर चालवत लाखनीला आणली. तोवर मी कधी हायवेवर स्कूटर चालवली नव्हती.

पुढचे सहा दिवस मी दुकानात कमी आणि शेडमध्ये जास्त होते. वेल्डिंगवाल्यानं कुजका पत्रा कापला, नवा बसवला. काका सांधा न् सांधा बोटानं तपासत होते. एका कोपऱ्यात सुईएवढी फट राहिली होती, ती त्यांनी पुन्हा भरायला लावली. वेल्डर कुरकुरला, "काका, यावर लेपच तं येनार हाय, कोन पाहन?" काका म्हणाले, "पानी पाहन." युवराज पहिले दोन दिवस फुरंगटून बाहेर बसला. तिसऱ्या दिवशी आपणहून पॉलिश पेपर घेऊन पत्रा घासायला लागला. लेप चढला तेव्हा तो आपलं मूल दाखवावं तसा डाला लोकांना दाखवत होता. रोवणा काही संपला नव्हता. शेवटचे आठ दिवस त्याला मिळाले आणि सुमनबाई सगळ्यांत आधी चढली.

त्यानंतर आमच्यात कसला ठराव झाला नाही, पण धंदा बदलला. ओलं, खारं, खत, मासळी वाहणारा काकांकडे. विटा, गिट्टी, लोखंड वाहणारा माझ्याकडे, आणि त्यालाही सांगायचं की वर्षातून दोनदा ट्रे काढून खालून धुवायचा. गंमत म्हणजे दुकानासाठी मी जुनी पिकअप घेतली तेव्हा लेप की ट्रे या विचारात आठवडाभर होते. शेवटी काकांना विचारलं.

"तू त्यात काय नेतेस?"

"सीट कव्हर. मॅट."

"मंग गोनपाट अंथर. तुले ना लेप लागत, ना ट्रे." आणि आपणच खूष होऊन हसले.

पुढं डॉक्टरांनी त्यांना फवाऱ्याचं काम सोडायला लावलं. शेड त्यांनी युवराजच्या ओळखीच्या एका कारागिराला दिलं आणि स्वतः माझ्या दुकानात खुर्ची टाकून बसू लागले. एका दुपारी नागपूरहून एका लेपाचा सेल्समन आला. टाय लावलेला, घामाघूम. त्यानं डबा काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, यावर लाइफटाइम गॅरंटी आहे."

काका खुर्चीतून म्हणाले, "कोनाच्या लाइफची? गाडीच्या, का मालकाच्या? का माह्या? मले तं आता सत्तर उलटून गेले."

सेल्समन गोंधळला. पत्रक उलटसुलट पाहिलं. "विचारून सांगतो काका," म्हणाला आणि गेला. काका बराच वेळ हसत होते.

त्या हिवाळ्यात काका गेले. झोपेतच गेले. अड्याळहून युवराज आणि त्या रोवणीच्या बाया आल्या होत्या. काकूंनी मला जवळ बसवून घेतलं. म्हणाल्या, "दुकानातून आले की रोज सांगत, आज बाईनं कोनाले काय इचारलं ते."

महिन्याभरानं तो सेल्समन पुन्हा आला. इकडंतिकडं पाहत म्हणाला, "ते काका कुठे आहेत? त्यांचा प्रश्न मी ऑफिसात विचारला. आजवर कुणी विचारलाच नव्हता. पहिला मालक गाडी वापरतो तोवर गॅरंटी."

मी त्याला काका गेल्याचं सांगितलं. तो बिचारा हातातला डबा तसाच धरून उभा राहिला. मी त्याला बसवलं, चहा मागवला. मग मला राहवेना.

"आणि मालक बदलला," मी विचारलं, "तर लेप काय खरवडून परत नेता?"

त्यानं खिशातून पेन काढलं आणि प्रश्न लिहून घेतला.