शिवणाच्या खोलीतली निळी गाडी

बारकू पन्नाशी ओलांडून गेला तरी बारकूच राहिला, कारण त्याला त्या नावाने हाक मारणारी ताई अजूनही त्याच्याहून मोठीच होती. बाकीचं जग त्याला लिफ्टवाले म्हणायचं. कुठे दार नीट मिटत नाही, कुठे केबिन मजल्याच्या बोटभर खालीच थांबते, कुठे कुणी आजीबाई मधेच अडकून देवाचा धावा करतायत, की गेला लिफ्टवाल्यांना फोन. खांद्याला हत्यारांची पिशवी लावून तो बसने यायचा, काम उरकायचा आणि बसनेच परत जायचा. स्वतःची गाडी असावी असं त्याला कधी वाटलं नव्हतं. खरं तर त्याला फारसं काहीच कधी वाटलं नव्हतं. लग्नाचं विचारलं तर म्हणायचा, "राहून गेलं," जसं दुकानातून मीठ आणायचं राहून जावं तसं.

ताईचा नवरा लग्नानंतर लवकरच गेला. ती घरी परत आली ती कायमची. घराच्या पुढच्या खोलीला रस्त्याकडून शटर होतं, पूर्वी कधीतरी तिथे दुकान असावं. त्या खोलीत ताईने मशीन मांडलं आणि कपडे लहानमोठे करून द्यायचं काम धरलं. पँटची उंची कमी करणं, कंबर सैल करणं, उसवलेलं शिवणं. गिऱ्हाइकाकडे नुसतं बघून त्याने गेल्या वर्षभरात किती खाल्लंय ते ती सांगायची.

तर त्या वर्षी एका उंच इमारतीत लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात पाणी साठलं. बारकू तळघरात उतरला, पंप लावला आणि गुडघ्यापर्यंत भिजून वर आला. टॉर्च ठेवायला जागा शोधत होता, तेव्हा कोपऱ्यात कव्हर घातलेलं काहीतरी बुटकं दिसलं. कव्हर एका बाजूने घसरलं होतं. खालून एक गोल दिवा आणि पुढच्या चाकावरून दारापर्यंत वळत गेलेली निळी रेषा बाहेर डोकावत होती. धुऊन धुऊन मऊ झालेल्या शर्टाचा असतो तसा निळा. गाडी उभी होती, पण उभी असल्यासारखी दिसत नव्हती. आत्ताच कुठून तरी आल्यासारखी, किंवा निघता निघता तिच्या मनात काही आल्यासारखी वाटत होती.

बारकूच्या पँटमधून पाणी ठिबकत राहिलं आणि तो बघत राहिला.

त्यानंतर त्या इमारतीच्या लिफ्टचं नशीब फळफळलं. आठवडा उलटला नाही की लिफ्टवाले हजर. तेलपाणी करायचे, दाराचे रूळ पुसायचे, आणि मग तळघरात जाऊन काहीतरी "तपासायचे". एकदा मागून आवाज आला, "अहो लिफ्टवाले, लिफ्ट तिकडे आहे."

काठी टेकत सातव्या मजल्यावरचे म्हातारे दंतवैद्य उभे होते. गाडी त्यांचीच. बारकूला वाटलं, आता धरणी पोटात घेईल तर बरं.

"बसायचंय?" दंतवैद्यांनी विचारलं आणि कव्हर ओढलं.

बारकू बसला. इतकं खाली बसायची सवय नव्हती. पाय लांब पुढे गेले, पाठ मागे टेकली. समोरच्या काचेत तळघराची भिंत होती, पाण्याचे ओघळ पडलेली. त्याला मात्र ती धुक्यातल्या डोंगरासारखी वाटली. बाहेर येऊन त्याने दार लावलं. आयुष्य दारांच्या संगतीत गेलेलं, त्यामुळे तळहाताने हलकेच दाबलं. कुठे खट्ट झालं नाही.

"माझ्या गुडघ्यांनी जवाब दिलाय," दंतवैद्य म्हणाले. "आत बसता येतं, बाहेर येता येत नाही. मागच्या वेळी वॉचमनने ओढून काढलं, दाढ काढतात तसं. विकायचीय. बघायला बरेच येऊन गेले, पण सगळे दार आपटतात." आणि मग त्यांनी किंमत सांगितली.

बारकूच्या शिलकीत ती बसत होती, अगदी काठोकाठ. तो घरी गेला.

"ताई, मी एक गाडी बघितलीय."

ताईच्या ओठांत टाचण्या धरलेल्या होत्या. तिने त्या एकेक काढून उशीत खोचल्या. "स्कूटर?"

"नाही. गाडी. स्पोर्ट्‌स. जुनी आहे."

"परत बोल."

"दोनच सीट आहेत."

"आपण दोघंच आहोत, त्याचं काय एवढं? तुला झालंय काय ते सांग."

"काही नाही. आवडली."

ताई त्याच्याकडे बघतच राहिली. पुढ्यात काहीही वाढलं तर "चांगलंय" म्हणणारा, शर्ट आणला तर "चालेल" म्हणणारा हा माणूस. त्याच्या तोंडून "आवडली" हा शब्द तिने ऐकल्याचं तिला आठवेना.

पण भावाला असंच वाऱ्यावर सोडणारी ती नव्हती. तिने ओळखीच्या गॅरेजवाल्याला तळघरात नेलं. तो गाडीखाली बराच वेळ आडवा पडला होता. बाहेर आला तो कपाळाला काळं लावूनच.

"इंजिन गुणी आहे," तो म्हणाला. "बाकी सगळं म्हातारं. टायर, ब्रेकचे पाइप, क्लच, आणि वरचं कापडी छप्पर तर चाळण झालंय. विकत घ्याल हो लिफ्टवाले, पण पोसणार कशी? विम्याचा आकडा ऐकलात तर जेवण जाणार नाही. पहिलीच गाडी ना? मग चार दारांची साधी घ्या. भाजी आणा, पाहुणे आणा, झोपेतसुद्धा चालवा."

बारकूचा चेहरा उतरला. तो बसस्टॉपकडे चालू लागला. बस आली, दोघं बसली, आणि ताईनेच विषय काढला.

"आपण न्हाणीघराच्या फरश्या बदलणार होतो, ते पैसे माझ्याकडे आहेत. फरश्यांना काही घाई नाही. गाडी पुढच्या खोलीत ठेवली तर जागेचं भाडं वाचेल. आणि दुरुस्ती काय एकदम करायचीय? आज हे, पुढच्या पगाराला ते. पळेल तेव्हा पळेल, आधी घरी तर येऊ दे."

"मशीन कुठे ठेवशील?"

"खिडकीशी. आणि ऐक, पैसे घातले म्हणजे अर्धी गाडी माझी."

"अर्धी कुठली?"

"ते मी मागाहून ठरवीन."

अशी ती निळी गाडी एका सकाळी दुसऱ्या गाडीच्या मागे दोर बांधून आली आणि शिवणाच्या खोलीत विराजमान झाली. शटर जेमतेम खाली आलं. पँट घ्यायला आलेली गिऱ्हाइकं दारातच थबकायची. "हिचंही काही सैल करायचंय का?" एकाने विचारलं. "नाही," ताई म्हणाली, "हिला आतून नेसवायचंय."

खरंच तिने नेसवलं. फाटलेल्या सीटची कव्हरं आधी टाका टाका उसवली, कुठला तुकडा कुठे जातो ते बघितलं आणि जाड तपकिरी कापड आणून नवी शिवली. मग छप्पर हाती घेतलं. त्या कापडाने सुया मोडल्या, बोटं सोलली, पण ती हटली नाही. तिकडे बारकूने सुट्टीच्या दिवसांचीही कामं धरली. एका पगाराला ब्रेकचे पाइप आले, एकाला क्लच, टायर जोडीजोडीने आले. एका महिन्यात विमा भरला, तेव्हा चहाबरोबरची बिस्किटं बंद झाली.

पण त्या महिन्यांत एक वेगळीच गोष्ट झाली. संध्याकाळी काम आटपलं की दोघं गाडीत जाऊन बसू लागली. शटर अर्धं उघडं, खालून रस्त्यावरचा उजेड पट्टीसारखा आत आलेला. भोवती हँगरवर लटकलेले परक्यांचे कोट, फ्रॉक, पांढरे शर्ट. वाऱ्याने ते हलायचे, आणि काचेतून बघताना बारकूला वाटायचं, गाडी चाललीय आणि दोन्ही बाजूंनी माणसं मागे मागे जातायत. हातात चहाचे कप. समोरासमोर बसून जे बोलणं वर्षानुवर्षं झालं नव्हतं, ते असं शेजारी बसून, एकाच दिशेला बघत, आपसूक निघायचं.

एकदा ताई म्हणाली, "तो गेल्यावर मी बसने परत आले ना, तेव्हा आपल्या स्टॉपवर मला उतरायचंच नव्हतं."

"घरी यायचं नव्हतं?"

"तसं नाही रे. तू उभा होतास की स्टॉपवर, मला दिसलास. पण वाटत होतं, ही अशीच चालू राहावी. कुठे जायचंय ते कुणी विचारू नये."

 बारकूने तिच्या हातातला रिकामा कप घेतला, एवढंच.

शेवटी गाडी रस्त्यावर आली. लिफ्ट कंपनीची व्हॅन कधीमधी चालवायची म्हणून बारकूकडे परवाना होता. पहिल्या रविवारी ताईला शेजारी बसवून तो निघाला, आणि तिथेच सगळं बिनसलं. वस्तू नेमक्या जागी थांबवणं हेच त्याचं जन्माचं काम, त्यामुळे त्याचा पाय ब्रेकवरून उठेचना. चौक दिसला की ब्रेक, सायकल दिसली की ब्रेक, कुणी फुटपाथवर खोकला तरी ब्रेक. मागच्या गाड्या भोंगे वाजवून कान किटवायच्या. गाडी तर अशी की पायाचा नुसता भार पडला की पुढे झेप घ्यायची, आणि दर वेळी बारकू पुन्हा ब्रेक दाबायचा. घरी पोचला तेव्हा शर्ट पिळून काढावा इतका घाम. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, "आज जरा डोकं दुखतंय."

मग एका संध्याकाळी, गाडीतच बसलेली असताना, तो म्हणाला, "ताई, विकून टाकू या."

ताईने हातातला कप समोर काचेखाली ठेवला.

"मला ती आवडते. खूप आवडते. पण चालवताना ती मला दिसतच नाही, नुसती भीती दिसते. तुझे फरश्यांचे पैसे सुटतील."

"माझी अर्धी मी विकणार नाही," ताई म्हणाली.

"ताई, थट्टा नको."

"थट्टा कसली? कुठली अर्धी ते आता ठरलं. स्टिअरिंगची." तिने ब्लाउजमध्ये खोचलेलं छोटं पाकीट काढलं आणि त्यातून एक कोरं करकरीत कार्ड त्याच्या मांडीवर ठेवलं. फोटोत ती डोळे वटारून बघत होती. "दुपारी पडदे पोचवायला जाते म्हणायचे ना, ते गाडी शिकायला जात होते. पहिल्यांदा नापास झाले, म्हणून बोलले नाही. पण मास्तर म्हणाले, बाई, क्लचवर तुमचा पाय इतका हलका कसा? म्हटलं, जन्म गेला मशीनच्या पायट्यावर. रेशीम आलं की हळू, जाड कापड आलं की जरा दाबून. यात वेगळं काय आहे?"

बारकू त्या कार्डाकडे बघत बसला. त्याला राग येईल असं ताईला वाटत होतं. तो उतरला, गाडीला वळसा घालून तिच्या बाजूला आला आणि दार उघडून धरलं. "सरक," तो म्हणाला.

रविवारी पहाटे उजाडता उजाडता दोघं निघाली. ताईने डोक्याला रुमाल घट्ट बांधला होता. शहर संपेपर्यंत तिने गाडी कडेकडेने, बेताबेताने नेली. पुढे रस्ता मोकळा झाला, झाडं लागली, तशी तिने गाडी बाजूला घेतली, छप्पर मागे दुमडलं आणि पुन्हा निघाली. गिअर बदलल्याचं कळतही नव्हतं. धावदोरा घालावा तशी गाडी रस्त्यातून सरळ, सारख्या टाक्यांनी पुढे चालली होती.

बारकूने आधी दाराची कडी धरली होती. मग ती केव्हा सुटली ते त्याला समजलं नाही. वर बघितलं तर फांद्या मागे सरकत होत्या आणि त्यांच्यामधून फिकट आकाश वाहत होतं. एका वळणावर तलाव आला. पाण्यावर धुकं आडवं पडलं होतं, रस्ता थेट त्यातच शिरत होता, आणि काही क्षण खाली काही आहे की नाही तेच कळेना. चाकांचा आवाज तेवढा होता, तोही लांबून आल्यासारखा. इतक्या वर्षांत आपल्याला कुणी असं कुठे नेलं नव्हतं, हे बारकूच्या ध्यानात आलं. जिथे तिथे काहीतरी बिघडलेलं असायचं म्हणूनच तो जायचा. इथे काही बिघडलेलं नव्हतं. त्याने मान मागे टेकली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते वाऱ्याने असेल असं त्याने ठरवून टाकलं.

"थंडी वाजतेय का रे?" ताईने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"नाही. थोडी जोरात घे."

ताई हसली आणि तिने घेतली.

अजूनही ती गाडी त्यांना परवडते असं म्हणवत नाही. पेट्रोल महाग आहे, गिअरबॉक्स मधूनच कुरकुरतो, आणि गॅरेजवाला दिसला की बारकूच खिशावर हात ठेवतो. महिन्यातून एखाद-दोन रविवार ती बाहेर निघते. बाकीच्या रविवारी दोघं खोलीतच तिच्यात बसून चहा घेतात.

मागच्याच रविवारी दंतवैद्यांना फिरवून आणायचं ठरलं. त्यांना आत बसवणं सोपं गेलं. सीट दोनच, म्हणून बारकू घरी थांबला. गाडी गेल्यावर खोली एकदम केवढी मोठी झाली. तो शटरखाली स्टूल टाकून बसला, ऊन पायांवर घेत. बऱ्याच वेळाने कोपऱ्यापलीकडून ओळखीची घरघर ऐकू आली, आणि निळं नाक वळून दारात थांबलं. दंतवैद्यांचे पांढरे केस भुरभुर उडून उभे राहिले होते, गाल लाल झाले होते.

बारकूने दार उघडलं आणि त्यांना ओढून काढायला दोन्ही हात पुढे केले.

"राहू द्या," दंतवैद्य म्हणाले आणि सीटमध्ये आणखी खाली सरकले. "बाईंना अजून एक चक्कर मारायचीय."

"मला?" ताई म्हणाली. मग तिने बारकूकडे बघितलं, खांदे उडवले आणि गिअर टाकला. बारकूने दार हलकेच लावलं आणि चहाचं आधण ठेवायला आत गेला.