सूनबाईची चार ओळींची दुरुस्ती

अकरा मार्चला आमच्या ऑफिसच्या हिशेबात ४१२.६० रुपयांचा फरक निघाला. औषधांच्या घाऊक व्यापारात माल परत येतच असतो. पण सवलतीत विकलेला माल परत आला की आमचा संगणकावरचा हिशेबाचा प्रोग्राम सवलत विसरून पूर्ण किंमत वजा करत होता.

हा प्रोग्राम फुकट मिळतो. ठिकठिकाणचे प्रोग्रामर मिळून तो लिहितात. त्याचा कोड कोणीही उघडून पाहावा आणि दुरुस्ती सुचवावी. रात्री जेवताना मी हे सांगितलं आणि सूनबाईने कान टवकारले.

ती स्वतः प्रोग्रामर. मुलगी झाल्यावर नोकरी सोडली, त्याला पाच वर्षं झाली. नव्या नोकरीचा अर्ज भरायला बसली की 'अलीकडचे काम' या रकान्यापाशी अडायची. एका चांगल्या कंपनीत तिच्याजोगी जागा निघाली होती. अर्जाची मुदत महिनाअखेरपर्यंत.

"बाबा, तो रकाना मी यानेच भरणार," ती म्हणाली.

"म्हणजे बिनपगारी काम करून पगारी काम मिळवणार?" मुलाने विचारलं.

"तू दर रविवारी मित्राची मोटारसायकल खोलून बसतोस, त्याची पावती दाखव आधी."



मला वाटलं, ही आता थेट कोडला हात घालणार. तिने आधी लोकांच्या तक्रारी वाचून काढल्या. हीच तक्रार कोणीतरी मागेच केली होती, पण चूक नेमकी कशी दिसते ते न लिहिल्यामुळे ती तशीच पडून होती. सूनबाईने माझ्याकडून तीच नोंद पुन्हा करून घेतली, काय काय दाबलं ते क्रमाने तिथे लिहिलं आणि खाली विचारलं, 'हे काम मी घेऊ का?' प्रोग्रामची देखरेख करणाऱ्या बाईंचं तिथलं टोपणनाव 'सुतारपक्षी'. त्यांचं उत्तर आलं, 'जरूर घ्या.'

प्रोग्राम स्वतःच्या संगणकावर चालू करण्यातच दोन दिवस गेले, कारण माहितीपत्रकात एक पायरी लिहायची राहिली होती. तिने ती एका वाक्यात लिहून पाठवली. संध्याकाळपर्यंत ती स्वीकारलीही गेली.

"एका वाक्याचं एवढं कसलं कौतुक?" आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं.

"आई, पुढच्या माणसाचे दोन दिवस वाचले. आणि मला आत घेतलं की नाही त्यांनी?"

मग मूळ चूक सापडली. पण ती फाइल भलतीच अस्ताव्यस्त होती आणि सूनबाईचे हात स्वस्थ बसेनात. जाता जाता तिने समास सरळ केले, नावं बदलली, ओळी इकडच्या तिकडे हलवल्या आणि सगळं एकदम पाठवून दिलं. सुतारपक्षींनी लिहिलं, 'साडेसातशे ओळी बदलल्या आहेत. यातली दुरुस्ती कोणती, ते मला दिसत नाही. हे असं घेता येणार नाही.'

मुदतीला पाच दिवस उरले होते.

"मी तर सगळं नीटच केलं होतं," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"पंखा दुरुस्त करायला बोलावलं आणि तू घराला रंग देऊन आलीस," मुलगा म्हणाला. "आता पंखा फिरतो की नाही, ते कोण बघणार?"

तिला हसू आवरेना. "गप रे, बरोबर बोलतोयस," म्हणत तिने संगणक पुढे ओढला. सगळी साफसफाई काढून टाकली, तेव्हा खरी दुरुस्ती चारच ओळींची उरली. ही चूक पुन्हा शिरली तर लगेच कळावं म्हणून तिने सोबत एक छोटी चाचणी जोडली, काय बदललं आणि का, ते साध्या शब्दांत लिहिलं आणि पाठवलं. तिसऱ्या दिवशी दुरुस्ती स्वीकारली गेली. त्याच दुपारी रकाना भरून अर्ज गेला.

मुलाखतीत तिला पहिला प्रश्न आला तो साडेसातशे ओळींच्या चार कशा झाल्या, हाच. तिथला पत्रव्यवहार कोणालाही वाचता येतो आणि त्यांनी तो सगळा आधीच वाचला होता. तिने पंख्याची गोष्ट आहे तशी सांगितली. नोकरी मिळाली, एक जूनपासून ती कामावर जाते.

दुरुस्ती स्वीकारताना सुतारपक्षींनी आणखी एक चाचणी मागितली होती, बिलातला थोडाच माल परत आला तर काय होतं, याची. 'रविवारी देते,' असं सूनबाईने कळवलं होतं. ती चाचणी अजून द्यायची बाकी आहे.