वहिनीने शिकवलेले मोल

रावेरजवळच्या आमच्या गावात दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकले. अकरावीला सायन्स घेतलं आणि सगळं एकदम इंग्रजीत आलं. रेणूचा मॉलिक्यूल झाला, बंधाचा बॉन्ड झाला, आणि मोल या कण मोजायच्या एककाच्या गणितांपाशी मी अडूनच बसले. पहिल्याच चाचणीत रसायनशास्त्रात नापास झाले. त्या दुपारी ओसरीवर पुस्तक उघडून मी रडत होते.

त्याच उन्हाळ्यात भावाचं लग्न झालं होतं. वहिनी धुळ्याची, देवपूरची. ती बी.एस्सी. आहे हे लग्न ठरताना सगळ्यांनी कौतुकाने ऐकलं होतं, आणि मग विसरूनही गेले होते. ओले हात पदराला पुसत ती बाहेर आली आणि माझ्याजवळ बसली.

"ट्रक भरताना केळी मोजतात का गं?"

"नाही. वजन करतात."

"मग कणांचंही तसंच. मोजत नाही बसायचं. वजन करायचं आणि किती मोल ते काढायचं." मग ती तिच्या माहेरच्या अहिराणीत म्हणाली, "बठ्ठं सोपं शे!" म्हणजे, सगळं सोपं आहे.

मला रडता रडता हसू आलं.

तेव्हापासून भांडी आवरली की आमचा वर्ग भरायचा. आई आतून कुरकुरायची, पण बोलवायची नाही. एकदा वहिनीने फरशीवर खडूने नायट्रोजनचे दोन अणू काढले, मध्ये तीन रेघा. तेवढ्यात आबा शेतातून आले. वहिनी चटकन उठून उभी राहिली. तोवर सासऱ्यांशी ती फारशी बोललीच नव्हती.

"हे काय काढलं?" आबांनी विचारलं.

"नायट्रोजन, आबा. हवेत सगळ्यात जास्त हाच असतो."

"हवेतच आहे, मंग आपल्याले युरिया कायले लागतो?"

"हे दोन अणू तिहेरी बंधाने धरलेले आहेत. तो बंध पिकाला तोडता येत नाही. युरियातलं नत्र मात्र त्याला मिळतं."

आबा चपला काढून खालीच बसले. कोपऱ्यातल्या युरियाच्या गोणीकडे बोट करून मला म्हणाले, "मंग सांग, यात किती मोल?"

मी वहिनीकडे पाहिलं. तिने खडू माझ्या हातात दिला. पंचेचाळीस किलोचे ग्रॅम केले, युरियाच्या रेणुभाराने, साठने भागले. साडेसातशे मोल. प्रत्येक मोलात अठ्ठावीस ग्रॅम नायट्रोजन, म्हणजे एकवीस किलो. गोणीवर नायट्रोजन सेहेचाळीस टक्के छापलं होतं. आबांनी तोंडातल्या तोंडात हिशेब केला आणि मान डोलावली.

रात्री जेवताना ते वहिनीला म्हणाले, "तू मास्तरीण व्हय. बी.एड. कर."

"आन् घर?" आईने विचारलं.

"घर आपण पाहू."

वाढता वाढता वहिनीचा हात तेवढा थांबला.

पुढच्या वर्षी तिला जळगावला प्रवेश मिळाला आणि माझी बारावी तिच्याशिवाय सुरू झाली. वायूंच्या गणितात मी नेहमी तापमानाचं केल्विन करायला विसरायचे. फोनवर ती आधी तेच विचारायची, जेवलीस का ते नंतर. बारावीला रसायनशास्त्रात मी चांगल्या मार्कांनी पास झाले, तेव्हा फोनवर माझ्यापेक्षा मोठ्याने तीच ओरडली.

आता ती रावेरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि मी नाशिकला नोकरी करते. सुट्टीत गावी गेले तर दुपारी घर शांत असतं. आई म्हणते, "जेवून घे, तिले यायले उशीर होईल." मी जेवत नाही. वहिनी येईपर्यंत ओसरीवर बसून राहते.