साइडिंगवरची सायकल

मुलुंड पश्चिमेच्या एका बंद पडलेल्या कारखान्यापर्यंत पूर्वी मालगाडीची एक फाट्याची लाइन, साइडिंग, जायची. कारखान्याला टाळं लागलं, रूळ भंगारात गेले आणि पुढं बरीच वर्षं तिथं एरंड आणि घाणेरी माजली. मग कधीतरी तो पट्टा साफ झाला, डांबर पडलं, लाल रंग लागला आणि सायकलवाल्यांसाठी रस्ता तयार झाला. एक टोक स्टेशनच्या अंगाला, दुसरं टेकडीच्या पायथ्याशी. मध्ये चौक नाही, सिग्नल नाही, रिक्षा नाही. लोक मात्र त्याला अजून साइडिंगच म्हणायचे.

प्रेमा गावडेचं घर साइडिंगला लागूनच होतं, तळमजल्यावर. लग्न होऊन कणकवलीकडून आली ती याच खोलीत. साड्यांना फॉल-पिको करून तिनं संसाराला हातभार लावला. नवरा सहदेव गॅसचे सिलिंडर पोचवायचा. सायकलच्या दोन्ही बाजूंना सिलिंडर अडकवायचे आणि अर्धं मुलुंड पालथं घालायचं, असं त्याचं आयुष्य गेलं. बोलायला कमी, पण सायकलवर बसला की शीळ घालणारा. प्रेमाचा स्वभाव मानी. उसनी साखर मागायलासुद्धा ती कुणाच्या दारात गेली नव्हती.

सहदेवचा हात थरथरायला लागला तेव्हा दोघांनी ते वयावर ढकललं. मग पाय अडायला लागले. उंबरठ्यापाशी, बाथरूमच्या दारात, कधी सपाट जमिनीवरसुद्धा पावलं जमिनीला चिकटल्यासारखी व्हायची. मन पुढं जायचं, अंग पुढं झुकायचं आणि पाय जागच्या जागी. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला, गोळ्या दिल्या, आणि हा बरा होणारा आजार नाही हेही स्पष्ट सांगून टाकलं. वर्षभरात सहदेव घराबाहेर पडेनासा झाला. खुर्चीत बसून भिंतीकडं बघायचा. प्रेमा समोर बसून मशीन चालवायची आणि त्याच्याकडं बघायचं टाळायची.

एका सकाळी ती त्याला धरून दारात उन्हाला घेऊन आली. सायकल भिंतीला टेकून उभी होती. सहदेवनं हँडल पकडलं आणि म्हणाला, "माका बसव."

प्रेमाला वाटलं, याचं डोकंही गेलं आता. ज्याला चार पावलं टाकता येत नाहीत तो सायकल काय चालवणार? पण त्याच्या तोंडाकडं बघून तिला नाही म्हणवलं नाही. शेजारच्या नंदूला हाक मारून दोघांनी त्याला सीटवर चढवलं, साइडिंगवर नेलं आणि हात सोडले. सहदेव गेला. डुगडुगला नाही, थांबला नाही. पाठ ताठ, पाय लयीत, जणू मधली वर्षं कुणी पुसून टाकलीत. प्रेमा मागून धावली. धावताना रडत होती हे तिला नंतर समजलं.

डॉक्टरांना विचारलं तर ते हसले. असं होतं म्हणाले, काही जणांची चाल जाते पण सायकल राहते. मात्र रहदारीत नेऊ नका, उतरताना कुणीतरी धरायला हवं. त्यानंतर रोज सकाळी सहदेव साइडिंगच्या या टोकाकडून त्या टोकाला जाऊ लागला. परतला की त्याचा चेहरा माणसाचा झालेला असायचा. जेवायचा, दोन शब्द बोलायचा. प्रेमाचा सगळा दिवस त्या सकाळवर उभा होता.

आणि मग साइडिंगवर ट्राम येणार अशी बातमी आली.

टेकडीखालून स्टेशनपर्यंत छोटी, विजेवर चालणारी ट्राम. पाटी लागली, मोजमापं घेणारी माणसं आली, आणि वस्तीत दोन तट पडले. खालच्या सोसायट्यांमधले सकाळी फिरायला येणारे लोक विरोधात. त्यांच्या पुढं उत्तरा परांजपे, कॉलेजातून निवृत्त झालेल्या बाई, हुशार आणि धडाडीच्या. टेकडीवरची वस्ती ट्रामच्या बाजूनं. तिथून स्टेशनकडं यायला एकच अरुंद रस्ता. त्यात रिक्षा, टेम्पो, पाण्याचे टँकर, सगळं एकमेकांत अडकलेलं. वर यायला रिक्षावाले तयार नसत, आणि बस वळतच नसे.

त्याच वस्तीत प्रेमाची एकुलती एक लेक अक्षता दिलेली होती.

उत्तराबाई प्रेमाच्या घरी आल्या, सहदेवशी गोड बोलल्या आणि त्याचा सायकलवरचा फोटो मागितला. दुसऱ्या आठवड्यात साइडिंगच्या तोंडाशी मोठा फलक लागला, त्यावर सहदेव आणि खाली लिहिलेलं, 'यांचा रस्ता हिरावू नका.' नवऱ्याचं असं प्रदर्शन प्रेमाला आवडलं नव्हतं. पण आता मानी राहून चालणार नव्हतं. ती उत्तराबाईंबरोबर सोसायट्यांतून फिरली, लिफ्टनं वर गेली, बेल वाजवली, अनोळखी माणसांना नवऱ्याचं दुखणं सांगितलं. सांगून सांगून ते दुखणं तिला परक्याचं वाटायला लागलं.

अक्षतानं फलक पाहिला आणि आईकडं यायची बंद झाली. फोनवर तुटक बोलायची. शेवटी प्रेमाच टेकडीवर गेली. अक्षता भांडी घासत होती. वळलीसुद्धा नाही.

"आई, तुला माहितीय ना माझी सासू कशी गेली?"

प्रेमाला माहीत होतं. गेल्या वर्षी छातीत दुखायला लागलं, अँब्युलन्स खाली अडकली. सुयोगनं, म्हणजे जावयानं, आणि दोन शेजाऱ्यांनी म्हातारीला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवलं. अर्ध्या उतारावर तिची मान कलली.

"ट्राम असती तर वाचली असती असं कुठं आहे?" प्रेमा म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला वाटलं, हे बोलायला नको होतं.

"नसती वाचली. पण खाली ट्राम उभी आहे म्हणून आम्ही काहीतरी केलं असतं ना. खुर्ची धरून रस्त्यात उभं राहिलो नसतो." अक्षतानं नळ बंद केला. "बाबांना सायकल चालवताना बघून मला आनंद होत नाही असं वाटतं का तुला? पण इथं एवढी घरं आहेत गं. मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू?"

प्रेमा उतार उतरून घरी आली. सकाळ मात्र रोज होतच होती, आणि सहदेव सायकलीकडं बघत बसलेला असायचा.

जनसुनावणी शाळेच्या हॉलमध्ये झाली. उत्तराबाईंनी प्रेमाला काय बोलायचं ते पाठ करायला दिलं होतं, आणि सहदेवलाही आणा, असं बजावलं होतं. लोकांनी डोळ्यांनी पाहायला हवं, म्हणाल्या. हॉल गच्च भरला होता. आधी सोसायटीवाले बोलले. हवा, झाडं, आरोग्य. मग वरच्या वस्तीच्या बायका उठल्या आणि त्यांच्यात अक्षता होती. ती बोलणार हे प्रेमाला ठाऊक नव्हतं. अक्षतानं आवाज चढवला नाही. खुर्चीतून सासूला उतरवलं ती गोष्ट जशी घडली तशी सांगितली, आणि खाली बसताना आईकडं एकदा बघितलं.

त्यानंतर प्रेमाचं नाव पुकारलं.

तिनं सहदेवला उठवलं. खुर्च्यांच्या दोन रांगांमधून पुढं जायचं होतं. दोन-तीन पावलं गेला आणि त्याचे पाय अडले. अंग पुढं, हात थरथरतायत, कपाळावर घाम. प्रेमानं नेहमीसारखं "एक-दोन, एक-दोन" केलं, काही उपयोग झाला नाही. सगळा हॉल वळून बघत होता. मागून कुणीतरी मोबाईल वर धरला. सहदेवनं मान खाली घातली आणि फक्त तिला ऐकू येईल असं म्हणाला, "घराक चल गे."

पुढच्या बाजूनं अक्षता गर्दीतून वाट काढत धावत आली आणि वडिलांच्या दुसऱ्या काखेत हात घातला. दोघींनी मिळून त्याला जवळच्या खुर्चीत बसवलं. माईक प्रेमाच्या हातात आला तेव्हा पाठ केलेल्यातलं एक वाक्यही तिला आठवेना.

"ट्राम करा," ती म्हणाली. "वरच्या लोकांना पाहिजे ती. पण कडेला एवढीशी वाट ठेवा. एक सायकल जाईल एवढी. दुसरं मी काही मागत नाही."

मंचावरच्या अधिकाऱ्यानं सौम्य आवाजात सांगितलं की पट्ट्याची रुंदी तेवढी नाही, तारांच्या शेजारी कुणाला सोडता येणार नाही, तरी सूचना नोंदवून घेतो. आणि त्यानं पुढचं नाव पुकारलं.

उत्तराबाई बाहेर भेटल्या त्या लाल चेहऱ्यानं. "अहो, ट्राम करा म्हणालात तुम्ही! आपल्याच बाजूच्या माणसानं असं म्हटल्यावर आमचं कोण ऐकणार?" दोन दिवसांत सहदेवचा फलक उतरला. त्या जागी झाडाचं चित्र आलं.

पावसाळा संपता संपता ट्रामला मंजुरी मिळाली. साइडिंगच्या दोन्ही तोंडांना आणि कडेनं निळे पत्रे ठोकले गेले.

मग प्रेमाची धावाधाव सुरू झाली. ती शाळेत गेली. सकाळी मैदान वापरू द्या म्हणाली. मुलांना लागलं तर जबाबदारी कोणाची, असा प्रश्न आला आणि विषय संपला. मोठ्या सोसायटीच्या आवारात विचारलं, तर सेक्रेटरीनं बाहेरच्या माणसांना मनाई असल्याचं सांगितलं. पूर्वी याच माणसानं साइडिंग वाचवा म्हणून सही केली होती. सुयोगनं एका रविवारी सहदेवला रस्त्यावर नेऊन पाहिलं. मागून टेम्पोचा हॉर्न वाजला, सहदेव दचकला आणि पडला. मनगटाला प्लास्टर लागलं. प्लास्टर निघेपर्यंत तो खुर्चीत होता आणि प्लास्टर निघालं तेव्हा खुर्चीतून उठायलाही त्याला दोघं लागत होते. जेवण अर्ध्यावर आलं. बोलणं बंद. रोज थोडाथोडा तो आत कुठंतरी सरकत होता आणि प्रेमाला ते दिसत होतं. आपण दोघंही एकदम संपलो तर बरं, असं एकदा तिच्या मनात येऊन गेलं. मशीनचं पॅडल थांबवून ती तशीच बसून राहिली.

त्यानंतरच्या एका दुपारी तिनं घरातला पाना घेतला. कामगार जेवायला गेले होते. घराजवळचा एक पत्रा तिनं सोडवला, नंदूच्या मदतीनं सहदेवला सायकलवर बसवलं आणि आत लोटलं. नंदू म्हणत होता, "मावशी, असं नको करू." तिनं ऐकलं नाही.

आत अर्धं डांबर उखडलेलं होतं, पण घराकडच्या बाजूला लाल पट्टा अजून शाबूत होता. सहदेवचे पाय पहिल्या फेऱ्याला जड पडले, मग लयीला लागले. पाठ सरळ झाली. प्रेमा मागून भरभर चालत होती. पुढं पट्टा संपत होता. तिथं खणलेली माती होती, त्यापलीकडं खड्डा. तिनं हाक मारली. तो थांबला नाही. तिनं पुन्हा मारली, यावेळी जिवाच्या आकांतानं. सहदेव मातीत शिरला, चाक रुतलं आणि तो हळूच एका अंगावर कलंडला, खड्ड्याच्या बऱ्याच अलीकडं.

ती पोचली तेव्हा तो उताणा पडून आकाशाकडं बघत होता. लागलं नव्हतं.

"ऐकू नाही आलं?" तिनं विचारलं.

"आला," तो म्हणाला. "थांबाचा नव्हता माका."

प्रेमा तिथंच मातीत बसली. तिच्यानं उठवेना, त्याला उठवणं तर दूरच. कामावरचा पहारेकरी धावत आला, आधी ओरडला, मग सहदेवला पाहून त्यानं सायकल उचलून उभी केली. नंदूनं फोन केला होता. अक्षता वरच्या टोकानं, पत्र्यांच्या फटीतून आली. चपलांना चिखल, श्वास फुललेला. पाय रुतणाऱ्या मातीत चालणं सहदेवला शक्य नव्हतं, आणि घरापर्यंत उचलून नेणं कुणाला झेपणारं नव्हतं. तिघांनी मिळून त्याला ओढत पट्ट्यावर आणलं आणि पुन्हा सायकलवर बसवलं. एका बाजूनं आई, दुसऱ्या बाजूनं लेक, मागून पहारेकरी. सहदेव पाय मारत होता, आणि त्या धरून चालत होत्या. घरापाशी आल्यावर अक्षता म्हणाली, "आई, मला चुकीची म्हणू नकोस गं." प्रेमा म्हणाली, "नाही म्हणत."

दुसऱ्या दिवशी तो पत्रा वेल्डिंग करून पक्का बसवला गेला. सहदेव त्यानंतर सायकलवर बसला नाही. होळीनंतर साइडिंगवर रूळ पडायला लागले. अक्षता रोज कामावरून येताना डोकावते, बाबांना भरवते आणि मग चढण चढून घरी जाते. ट्राम सुरू झाली की आधी बाबांना बसवीन, असं ती एकदा म्हणाली. सहदेवनं तोंड भिंतीकडं वळवलं, आणि तिनं पुन्हा तो विषय काढला नाही.

हॉस्पिटलात व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं एक उपाय सांगितला. जमिनीवर आडव्या पट्ट्या चिकटवायच्या. डोळ्यांसमोर ओलांडायला रेघ असली की अडलेला पाय कधीकधी उचलतो. प्रेमानं पिवळी टेप आणली आणि खाटेपासून दारापर्यंत पट्ट्या लावल्या. कधी जमतं, कधी नाही. काल जमलं. एकेक रेघ ओलांडत सहदेव दारापर्यंत आला. बाहेर मशिनं चालू होती, धूळ उडत होती. पुढं रेघा नव्हत्या.

"आत जायचं का?" तिनं विचारलं.

"रव जरा," तो म्हणाला.

ती थांबली, त्याचा दंड धरून उभी राहिली.