काकूंची चहाबंदी

"साम्राज्यं लोखंडावर उभी राहतात आणि चहात बुडतात," असं काकू म्हणायच्या. एवढं म्हणून त्या थांबायच्या, चष्मा पुसायच्या आणि चहाच्या बॉयलरची वायर काढून पर्समध्ये टाकायच्या. साम्राज्य म्हणजे इंग्लंडात ब्रिस्टलमधलं आमचं मराठी मंडळ. सभासद मोजके, पोटसमित्या भरपूर.

काकू अध्यक्ष होत्या. त्यांना कधी निवडून दिलं ते कुणालाच आठवत नव्हतं. असे अध्यक्ष तुम्हीही पाहिले असतील. चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये आमची जेवणं व्हायची आणि मसालेभात संपता संपता सगळ्यांच्या माना त्या स्टीलच्या बॉयलरकडे वळायच्या. जेवणावर चहा, एवढ्या एका बाबतीत आम्ही या देशाशी पुरते एकरूप झालो होतो. तेच काकूंनी मोडलं.

"जेवल्यावर तासभर चहा नाही. पालेभाजीतलं लोह चहा अंगी लागू देत नाही. लिंबू पिळा, लिंबू!"

"काकू, मी पालक घेतलाच नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"पालक टाकलात? मग तुम्हाला दोन तास."

लोक थर्मास आणू लागले. दोन सर्जन आणि विमानांच्या कारखान्यातले एक बडे इंजिनिअर कार पार्कमध्ये डिकीआड कप घेऊन उभे राहायचे. मीही असायचो. काकू 'जरा हवा खायला' म्हणून छत्री घेऊन तिथे यायच्या आणि नुसतं विचारायच्या, "मिसेसचा ब्लड रिपोर्ट काय आला हो?" चहा गवतावर जायचा.

एकदा हॉलच्या किचनमध्ये मी ताटं पुसत होतो. काकूंची सून धूत होती. मी म्हटलं, "तुझ्या सासूबाईंना हे लोखंडाचं वेड लागलं कुठून?"

ती म्हणाली, "माझ्यामुळे. धाकटीच्या वेळच्या बाळंतपणानंतर मी जिना चढताना मध्येच बसायचे. फ्रीजरमधला बर्फ कडाकडा चावायचे. आई सगळ्यांना सांगत सुटल्या, बर्फ खाते आणि लोळते."

हे आम्ही काकूंच्या तोंडून, हातवाऱ्यांसकट ऐकलं होतं.

"मग ब्लड टेस्ट झाली. हिमोग्लोबिन इतकं कमी, की डॉक्टरांच्या क्लिनिकमधून त्याच दिवशी फोन आला. आयर्नच्या गोळ्या दिल्या, त्या आईंनी ताब्यात घेतल्या. रोज जेवण झालं की स्वतः आणून द्यायच्या."

"बरं केलं की."

"आल्याच्या चहाबरोबर. माझ्यासाठी खास, कडक."

मी पुसलेलंच ताट पुन्हा पुसलं.

"महिने गेले, रक्त तिथल्या तिथेच. शेवटी फार्मसीतल्या मुलीने विचारलं, गोळी कशाबरोबर घेता? मी सांगितलं. ती म्हणाली, ओह नो, नॉट विथ टी! आई शेजारीच उभ्या होत्या."

"मग सॉरी म्हणाल्या?"

"आई?" तिला हसू आवरेना. "दुसऱ्या दिवशी गोळीबरोबर संत्र्याचा रस आला. गाळलेला."

सुनेला सॉरी म्हणणं काकूंना जमलं नाही. त्याऐवजी त्यांनी अख्ख्या मंडळाचा चहा बंद केला.

हे कळल्यावर मी काकूंना हसणं सोडलं. कार पार्क सोडला नाही.

पुढे सुनेला साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली आणि सगळं कुटुंब तिकडे निघालं. सामान हलवायला मी गेलो होतो. सून खोकी उचलून जिन्यावरून धडाधड खाली येत होती, पुन्हा वर धावत होती. खाली काकू ओरडत होत्या, "अगं, हळू! पडशील!" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "बघितलंत? मध्ये बसत नाही आता."

त्यानंतरच्या पहिल्याच जेवणाला सेक्रेटरी अध्यक्ष झाले. त्यांनी भाषण केलं. 'दडपशाही' हा शब्द तीनदा आला. टाळ्यांच्या गजरात बॉयलर भरला गेला. स्वातंत्र्याच्या भरवशावर त्या दिवशी कुणी थर्मासही आणला नव्हता. मग वायर शोधायला सुरुवात झाली.

शेवटी काकूंना फोन लावला, स्पीकरवर.

"माझ्या पर्समध्येच आहे की," काकू म्हणाल्या. "जेवणं झाली?"

"आत्ताच झाली."

"मग घाई कसली? या आणि घेऊन जा."

ब्रिस्टलहून साउथहॅम्प्टनला गाडीने जायला दोन तास लागतात.