महालक्ष्म्या आणि दाराची कडी

त्या वर्षी मी देवीवर रुसले होते. आईचं किमो सुरू होतं आणि बाहेर कोरोना होता. दर तीन आठवड्यांनी किमोसाठी अमरावतीहून अकोल्याला जायचं, गाडीच्या काचा उघड्या ठेवायच्या, परतल्यावर आधी अंघोळ. आईच्या पांढऱ्या पेशी फार कमी झाल्या होत्या. साधा ताप आला तरी पुढचा डोस टळेल, आणि आता तो टळून चालणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून पाणी उकळलेलं, ताजी फुलं घरात नाहीत, आणि पाहुणे तर मुळीच नाहीत. राजापेठेतल्या आमच्या घराची कडी माझ्याच हातात असायची.

अशात महालक्ष्म्या आल्या. या दिवसांत आमच्याकडे कोणी दार लावत नाही. जेवणाच्या दिवशी न बोलावता यायचं, आणि आलेल्याला उपाशी परत पाठवायचं नाही. या वेळी नुसते मुखवटे मांडू, असं आईने ठरवलं. कागदाची फुलं मी केली. येऊ नका, हे फोनवर सांगायचं कामही माझंच होतं. सगळ्यांना सांगितलं, फक्त चांदूर बाजारच्या मोठ्या आत्याला सोडून. तिला मी लहानपणापासून घाबरते. उद्या करू, उद्या करू म्हणत राहिले.

जेवणाच्या दिवशी अकरा वाजता आत्या दारात उभी. मास्क हनुवटीखाली, हातात आंबिलीचा डबा. आईजवळ कोणी आलेलं चालत नाही, असं मी जाळीच्या दारातून हळूच म्हणाले. आत्या हसली.

"इंग्रजी शाळेत माणसाले दारातून परत पाठवाले शिकवतात काय वं?"

देवीच्या घरी कोणाला काही होत नसतं, असंही ती म्हणाली. आतून आईचा आवाज आला, येऊ दे गं तिला. चूक करते आहे हे कळत असूनही माझा हात कडीकडे गेला. मनात देवीला एवढंच म्हटलं, मला बोलता येत नाही, तूच बोल.

तेवढ्यात एक फुलवाली टोपलं घेऊन, दार चुकून आमच्या पायरीशी आली. आम्ही फुलं मागवलीच नव्हती, तिला वरच्या मजल्यावर जायचं होतं. पदर तोंडाशी घट्ट धरून तिने जाळीतून आत पाहिलं. आईच्या डोक्याला स्कार्फ होता.

"पेशंट हाय काय घरात?" तिने आत्याला विचारलं.

"वहिनी हाय माही."

"मंग बाहेरच बसा, बाई. माह्या नवऱ्याले बी हेच होतं. आमी कोनाचंच मन मोडलं नाही, साऱ्याइले घरात येऊ दिलं." तिने टोपलं सावरलं. "दार लावल्यानं देवी जात नाही. आंदरच हाय ना ते."

आणि ती जिना चढून गेली. आत्याने डबा खाली ठेवला आणि ती पायरीवर बसली. मी पत्रावळीवर पुरणपोळी वाढून बाहेर नेऊन ठेवली. आई आत, आत्या बाहेर, अशा दोघी बोलत जेवल्या. जाताना आत्या माझ्याशी मात्र बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी तिच्या मुलाचा फोन आला. आत्याला ताप होता, तपासणीत कोरोना निघाला होता. पंधरा दिवसांनी ती बरी झाली. आईचा डोस ठरल्या दिवशी झाला. आत्या फोनवर म्हणाली, बरं झालं तू कडी काढली नाहीस. मी कडी काढतच होते, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या वर्षी आईबरोबर चौकात गेले तेव्हा ती फुलवाली दिसली. मी ओळख देऊ लागले, पण तिला काहीच आठवत नव्हतं. ती म्हणाली, मी तर रोज किती दारं चुकते. आईच्या डोक्यावर तेव्हा बोटभर केस आले होते. आईने स्वतःच्या हाताने झेंडू निवडला.

देवीवर सोडणं म्हणजे कडी काढून मोकळं होणं, असं मला वाटायचं. आता तसं वाटत नाही. हात कडीवर ठेवूनही तिच्यावर सोडता येतं. आणि यंदा महालक्ष्म्यांच्या आधी पहिला फोन मी मोठ्या आत्याला केला, जेवायला ये म्हणून.