मामींच्या बाप्तिस्म्याचं पाणी

मामींचा बाप्तिस्मा पाण्यावाचून अडला होता. म्हसवडच्या बाजूला माळावरच्या एका वाडीत त्यांची मंडळी आहे. मंडळी म्हणजे थोडी ख्रिस्ती घरं आणि पत्र्याचं एक प्रार्थनाघर. तिथे कपाळावर पाणी शिंपडून भागत नाही, माणूस सबंध पाण्याखाली गेला पाहिजे. मामा फौजेत भरती व्हायच्या आधी वाडीच्या ओढ्यात बुडून आले होते. मामींचं आधी बाळंतपणं, मग सासूचं दुखणं असं करत राहिलं, आणि तोवर ओढ्यानेच वाहायचं सोडलं. बाप्तिस्मा नाही म्हणून प्रभुभोजनाचं, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचं, ताट दर खेपेला त्यांच्या मांडीसमोरून पुढे जायचं. मामा गेल्यावर त्यांना ते फार लागायला लागलं.

मी सांगलीत राहतो, नदीपासून जवळ. म्हटलं, मामी, चला माझ्याकडे, कृष्णेत उरकून टाकू.

"तुजी नदी नगं बाबा," मामी म्हणाल्या. "ती माणसाच्या घरात शिरती."

ते खरं होतं. महापुरात आमच्या घरात पंख्याला पाणी लागलं होतं आणि प्यायला घोटभर नव्हतं. आम्ही एका शाळेच्या वरच्या मजल्यावर बसलो होतो. तेव्हा मामींच्या माण तालुक्यातून एक टेम्पो आला. त्यात भाकरी होत्या, चटणी होती आणि पाण्याचे कॅन होते. एक कॅन मामींनी माझ्यासाठी धाडला होता. टँकरवर जगणाऱ्या वाडीने पुरात बसलेल्या शहराला पाणी पाठवलं, आणि यात काही विशेष आहे असं त्या वाडीत कुणालाच वाटलं नव्हतं.

तो कॅन उघडताना मला दावीद राजा आठवला. सुट्टीत वाडीला गेलो की मी मामींना बायबल वाचून दाखवायचो. त्यात दावीदाला बेथलेहेमच्या विहिरीचं पाणी प्यावंसं वाटतं. त्याचे तीन वीर शत्रूच्या फळीतून घुसून ते आणतात. हे तर माणसांचं रक्त झालं म्हणून तो पीत नाही, देवापुढे जमिनीवर ओतून टाकतो. सगळे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, या ठिकाणी आवाज खाली आणतात. मामींना मात्र ते कधी पटलं नाही. "वतायचं कशाला? झाडाला तरी घालायचं." मी तो कॅन ओतला नाही. सगळे मिळून प्यालो.

यंदाच्या उन्हाळ्यात मंडळीने पाण्याचा रविवार करायचं ठरवलं. पुण्याहून वक्ते येणार होते. विषय होता बायबलमधलं पाणी आणि हवामान न्याय. तसा फलक छापून आला, त्यावर धबधबा होता. नुसतं भाषण कोरडं होईल असं कमिटीला वाटलं, म्हणून त्याच दिवशी मामींचा बाप्तिस्माही धरला. अंगणातला, शेवग्याच्या झाडाजवळचा सिमेंटचा हौद घासून काढला. मामींनी पांढरं लुगडं धुऊन ठेवलं. पाणी कुठून येणार हे त्यांनी विचारलं तेव्हा पाळक म्हणाले, "झालीय सोय."

वक्त्यांचं भाषण चांगलं होतं. प्रलय, तांबडा समुद्र, खडकातून निघालेलं पाणी, परक्या गावच्या विहिरीवर पाणी मागणारा तहानलेला येशू, सगळं त्यांनी नीट सांगितलं. धूर करणारे एकीकडे राहतात आणि ओढे आटतात दुसरीकडे, हेही सांगितलं. त्यांच्यापुढे बाटलीबंद पाण्याची रांग मांडलेली होती, पण बोलणं खोटं नव्हतं.

ते न्यायापर्यंत आले आणि अंगणात टँकर घरघरला. मी मागच्या दारातून पाहिलं. हौदात पाइप सोडलेला, आणि फाटकापाशी वाडीतल्या बायका घागरी घेऊन उभ्या. त्या दिवशीची वाडीची खेप कमिटीने हौदाकडे वळवली होती. दुसरी खेप मागवू, असं कुणीतरी कुणालातरी सांगितलं होतं म्हणे.

मामी माझ्या आधी बाहेर पोचल्या.

"बंद कर रं ते!"

ड्रायव्हर म्हणाला, "आवं आजी, तुमच्यासाठीच चाललंय की."

"माज्यासाठी? मी काय म्हैस हाय व्हय डुंबायला?"

फाटकातून एक म्हातारी ओरडली, "बूड गं बाई, बूड! आमी तुजं धुणंच पितो आज."

बायका हसल्या. मामी हसल्या नाहीत. पाळक धावत आले. "मामी, पाहुणे बसलेत. पुढचा उन्हाळा कुणी बघितलाय?"

"व्हय, म्या बी बघंन का न्हाई कुणास ठावं," मामी म्हणाल्या. "पर ह्या पाण्यात न्हाई बसायची."

आणि फाटक उघडून त्यांनी बायकांना आत घेतलं.

हौद निम्मा भरला होता. बायकांनी टँकरच्या तोटीवर आणि हौदात दोन्हीकडे घागरी लावल्या. प्रार्थनेला आलेली माणसंही हळूहळू बाहेर आली आणि बादल्या पुढे द्यायला लागली. वक्तेही बूट काढून रांगेत उभे राहिले. बादली धरायची त्यांना सवय नव्हती, त्यांची विजार भिजली. हे सगळं चालू असताना मामी पांढरं लुगडं नेसून हौदाच्या कडेला बसून होत्या, कुणाचं राहिलं का विचारत.

शेवटी तळाशी गढूळ पाणी उरलं. हौद घासताना सुटलेली खपली त्यात तरंगत होती. ते कुणी नेणार नव्हतं.

"आता ह्यात भागतंय का बगा," मामी पाळकांना म्हणाल्या.

पाळकांनी चप्पल काढली. मी आणि त्यांनी मिळून मामींना हौदात उतरवलं, आडवं केलं. पाठ बुडाली, कान बुडाले. नाक वर राहिलं आणि गुडघेही. पाळकांनी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा म्हणत ओंजळीने मामींच्या तोंडावर पाणी सोडलं, आणि गुडघ्यांवर तांब्याने ओतलं. ते चालतं की नाही हे शास्त्रात मला अजून सापडलेलं नाही.

"झालं?" मामींनी डोळे मिटूनच विचारलं.

"झालं," पाळक म्हणाले.

त्यानंतर भाकर आणि द्राक्षारस आणला. ताट मामींसमोर थांबलं. ओल्या लुगड्यानिशी त्यांनी तुकडा उचलला आणि तोंडात बराच वेळ धरून ठेवला.

मग मला म्हणाल्या, "बसलायस काय? त्या शेवग्याला घाल जा ते पाणी."

मी बादली घेऊन हौदात उतरलो.